फिलू, ती फुली नव्हती

तू माझ्याकडे बोट दाखवलंस. देवळाच्या अंगणात गोणी उलटी केली होती, निळ्या फुलांच्या लाद्यांचे तुकडे उन्हात पसरले होते आणि ठेकेदार ओरडत होता, "किसने बोला तोडने को? नाम बताओ!" रविवारची मिसा नुकतीच सुटली होती. गाव जिथल्या तिथे उभं राहिलेलं. फादर, कमिटीची माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. मग तू पुढे झालीस. कमरेला देवळाची चावी, डोक्यावर पदर. बोट वर केलंस आणि म्हणालीस, "हिनं."

ते खोटं नव्हतं. माझ्या हाताखालच्या बायकांना फोडा म्हणून मीच सांगितलं होतं. मी ओरडून म्हटलं, "फुल्या होत्या त्यांच्यावर! खडूच्या फुल्या. फुलीवाली लादी फोडायचीच असते." फादरनी तुझ्याकडे बघितलं. "फिलोमिना, खुणा तू करणार होतीस ना? कसली खूण केलीस?"

तू तुकड्यांकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "गोल. मॅडमनी सांगितलेलं तसा गोल केला. फुली मी न्हाय केली."

सगळ्या गावाच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या अजून वळलेल्याच आहेत.

आता फादर म्हणतात, देवळाचं काम पुरं झालं, सणाची पुस्तिका निघणार आहे, त्यात फिलोमिनाबद्दल तुम्ही लिहा, तुम्ही तिच्यासोबत बसायचात. मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, आणि मला गोड लिहिता येत नाही. ते म्हणाले, जसं बोलता तसं लिहा. तर लिहितेय. कुठे जन्मलीस, किती पोरं, ते तुझ्या माणसांना माहीत आहे. मला तुझ्याशी जे बोलायचं राहिलंय ते बोलते.

तुला मी आधी ओळखायचे ती बाजारातली. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात तू सुकी मासळी घेऊन बसायचीस आणि मी कामावरून येताना तुझ्याकडे थांबायचे. आपली मैत्री होती असं लोक म्हणतात. कसली मैत्री? तू वजनात मारायचीस आणि मी तोंडानं. मी म्हणायचे, "जवळ्यात वाळू आहे." तू म्हणायचीस, "वाळू न्हाय गो, समुद्र हाय. फुकट देते." इतक्या वर्षांत एक बोंबील जास्तीचा कधी टाकला नाहीस. मला ते बरं वाटायचं. फुकट देणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

माझं काम लाद्यांचं. महाडकडून लग्न होऊन इकडे आले आणि तेव्हापासून लाद्या वाहिल्या. बेव्हर्ली पार्कातल्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या तेव्हा त्यांच्या जिन्यांवरून मी डोक्यावर लाद्या घेऊन चढलेली बाई आहे. पुढे चार बायका हाताखाली आल्या. आमच्या कामात एक गोष्ट कोणी शिकवत नाही, बघून कळते. टेम्पोतून लाद्या उतरल्या की सुपरवायझर बघतो आणि वाईट असेल तिच्यावर खडूने फुली मारतो. वाकडी, पोकळ वाजणारी, कोपरा उडालेली. वरून चांगलीसुद्धा दिसते कधी कधी. का मारली, विचारायचं नाही. फुलीवाली बाजूला काढायची, फोडायची, तुकडे गच्चीवर चायना मोझेकला लावायचे. आयुष्यभर मी हेच केलं.

तुमच्या देवळाचं काम निघालं तेव्हा आर्किटेक्ट मॅडम मुंबईहून यायच्या. तुम्ही आल्तार म्हणता त्या वेदीसमोरच्या जुन्या लाद्यांवर मेण, काजळी, कधीच्या दुरुस्तीचं सिमेंट, सगळं थापलं गेलं होतं. फूल कुठे आणि पान कुठे, कळत नव्हतं. मॅडमनी ठरवलं की सगळ्या उखडायच्या, चांगल्या धुऊन परत बसवायच्या, खराब होत्या त्यांचे तुकडे करून पोर्चमध्ये मोझेक करायचं. चांगल्यांवर खूण करायचं काम तुला दिलं, कारण त्या फरशीवर रोज पोछा तूच मारायचीस. मला त्या एवढंच म्हणाल्या, "खुणा बघून वेगळ्या करा हां, मावशी." आणि गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी अंधारात, धुळीत आम्ही लाद्या उखडल्या, वर काय आहे ते दिसलं नाही, आणि सॅक्रिस्टीच्या, फादरांचे मिसेचे कपडे ठेवतात त्या खोलीच्या, भिंतीला कडेवर उभ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बघते तर फुल्या. स्पष्ट, मोठ्या, खडूच्या फुल्या. तू भाचीच्या पोराच्या बाप्तिस्म्याला नायगावला गेली होतीस. ज्यांवर काही नव्हतं त्या लाद्या आम्ही गोणपाटात गुंडाळून, मध्ये पेंढा घालून जपून ठेवल्या. चिरलेल्या, झिजलेल्या, पाय खाऊन गेलेल्या सगळ्या लाद्या लेकरासारख्या निजवल्या. आणि फुलीवाल्या फोडल्या. एक बाई म्हणाली पण, "मावशी, ह्या बऱ्या दिसतात." मी म्हटलं, "तुला काय कळतंय? खालून पोकळ असतील."

संध्याकाळी तुकडे गोणीत भरले. गोणीत घासून खडू पुसला गेला. रविवारी अंगणात माझ्या बाजूनं बोलायला एक रेघसुद्धा उरली नव्हती.

ठेकेदारानं आम्हाला काढलं. गावात कोणी म्हणालं, फोडल्या त्या थोड्याच, बाकीच्या हिनं जुन्या सामानवाल्याला विकल्या. माझ्या बायकांना तुमच्या बाजूच्या दुसऱ्या कामांवरूनही नको म्हणाले. बाजारात मी तुझ्यासमोरून गेले. तू टोपलीवरच्या माशा हाकत होतीस. मी उभी राहिले. तू मान वर केली नाहीस.

मग मॅडम आल्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, तुकडे हातात घेऊन बसल्या. म्हणाल्या, हे परत जोडता येणार नाहीत, पण फेकायचे पण नाहीत. आल्तारासमोर नवीन लाद्या करून घेऊ, जुन्या नक्षीच्याच, आणि त्यांच्या भोवती ह्या तुकड्यांचा पट्टा बसवू. पाकळ्या वेगळ्या काढा, पानं वेगळी, कडा वेगळ्या. आणि हे कोण करणार म्हटल्यावर तू म्हणालीस म्हणे, "वैजूला बोलवा. तिनं फोडलं, तीच जुळवंल. मी बसते तिच्यासंगं, लक्ष ठेवायला."

मला निरोप आला तेव्हा मी आधी विचार केला, हिला काय पाहिजे?

मी आले, कारण माझ्या बायकांना काम हवं होतं आणि माझं नाव जिथे गेलं तिथेच बसून ते परत मिळतंय का बघायचं होतं. पोर्चमध्ये तुला चटई, मला गोणपाट. मध्ये तुकड्यांचा ढीग. पहिले काही दिवस तू फक्त माझे हात बघायचीस. दुपारी डबा उघडला की मान लांब करायचीस.

"कय हाय डब्यात?"

"भात."

"दाखव."

मी डबा तुझ्या नाकाखाली धरला. "लादी शिजवून आणलीय. खाणार?"

तू बोटानं भात उकरून बघितलास. खरंच उकरलास, फिलू. मग तेच बोट चाटून म्हणालीस, "मीठ कमी हाय."

मी हसले नाही तेव्हा. आज हसू येतंय, आणि राग पण येतोय.

मग तू बोंबील द्यायला लागलीस. कागदात बांधून, जाताना, काही न बोलता. कधी सुकट, कधी पापलेटची सुकी डोकी. मी घरी जाऊन ते कागद उलटून बघायचे, आत काही लिहिलंय का, काही लपवलंय का. काही नसायचं. पण ज्या बाईनं मला कधी शेपटीसुद्धा जास्त दिली नाही, ती आता पुडकी देते म्हणजे काहीतरी आहे, हे मी समजत होते. बोंबील मात्र खाल्ले. चांगले होते.

तुला खोकला लागला तेव्हाही मला वाटलं, काम टाळतेय. पाकळ्या निवडायची वेळ आली की खोकायचीस, पानांच्या वेळी बरी. मी तसं बोललेसुद्धा. तू म्हणालीस, "पाकळ्यांची कड धारेची गो, बोटं चिरतात." आणि बोटं दाखवलीस. चिरलेली होती. खोकल्याचं काही बोलली नाहीस. ज्युली, तुझी सून, आता सांगते की डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. मला का नाही सांगितलंस? मी तुझ्या हातातलं काम काढून घेतलं असतं म्हणून? की मी तुझ्यावर दया केली असती तर तुला माझ्याकडे बघता आलं नसतं?

आपलं भांडण मात्र एकच. रोज फिरून तिथेच यायचं. मी म्हणायचे, "फुली होती." तू ढिगातून पान उचलायचीस. मी म्हणायचे, "गोल असता तर मी फोडल्या असत्या का? मला गोल आणि फुली कळत नाही का?" तू दुसरा तुकडा उचलायचीस. एक दिवस मी म्हटलं, "तुमच्या गावात सगळे म्हणतात, वैजू खोटं बोलते. तुझ्या देवाला विचार, फुली होती की नव्हती."

तू हातातला तुकडा खाली टाकलास आणि ओरडलीस, "फुली न्हवती ती!"

"मग काय होतं?"

पदरानं तोंड पुसलंस आणि चावी घेऊन आत गेलीस. मी बसल्या जागी विचार करत राहिले. गोल होता, असं ती का म्हणाली नाही? एवढी चिडली, तर तोंडातून "गोल" हाच शब्द यायला पाहिजे होता. "फुली न्हवती" असं कोण म्हणतं? ज्याला माहीत आहे की काहीतरी दुसरं होतं, आणि ते गोल पण नव्हतं.

त्या दिवसापासून मी तुझ्यावर दुप्पट नजर ठेवली. तुला वाटायचं तू मला राखतेस. मी तुला राखत होते.

पट्टा बसवला तेव्हा मिस्त्रीसोबत आपण दोघी गुडघ्यावर होतो. तू तुकडा द्यायचीस, मी कड बघून ठेवायचे, तो रबरी हातोडीनं ठोकायचा. मॅडम मागे उभ्या राहून म्हणाल्या, "सुंदर झालंय." तू माझ्या कानाजवळ म्हणालीस, "आख्खं होतं तवा कोण वळून बघत न्हवतं." खरं होतं ते. मी म्हटलं, "म्हणून तूच फोडायला लावलंस वाटतं." मी चेष्टेनं म्हटलं होतं, अर्धं. तुझा चेहरा असा झाला की मला ते लक्षात राहिलं.

तू गेलीस हे मला बाजारात कळलं, तुझ्या जागेवर बसलेल्या बाईकडून. तिनं बोंबील तोलता तोलता सांगितलं. मी बोंबील घेतले नाहीत.

मिसेला मागच्या बाकावर बसले. तुझी पेटी आल्तारासमोर ठेवली, नव्या लाद्यांवर, आपल्या पट्ट्याच्या आत. चार-पाच बायांनी मागे वळून बघितलं, लादी फोडणारी आली म्हणून. मी पण त्यांच्याकडे बघितलं. मग माझं लक्ष खाली गेलं. लाद्या तिरप्या बसवल्यात, जुन्या होत्या तशाच, कोपरा आल्ताराकडे करून. पतंगासारख्या. ते मी हजार वेळा बघितलं होतं, उखडल्या पण मीच. पण त्या दिवशी डोक्यात काही शिरलं नाही.

दोन दिवसांनी तुझ्या घरी गेले. ह्याआधी तू मला कायम ओट्यावर बसवलंस. पाणी, चहा, भांडण, सगळं ओट्यावर. आत ये म्हणून कधी म्हणाली नाहीस. मला वाटायचं, आम्ही हिंदू म्हणून. नंतर वाटायला लागलं, घरात काहीतरी आहे. ज्युली दारात आली आणि म्हणाली, "आंटी, आत बसा. मम्मीनं सांगून ठेवलेलं, वैजू आली तर आतल्या खोलीत बसव."

मला लगेच शंका आली. ओट्यावर बसवणारी बाई मेल्यावर आत का बोलावते?

आतल्या खोलीत भिंतीला अरुंद फळी. फळीवर मारियामातेची मूर्ती, प्लास्टिकची फुलं, आणि मूर्तीच्या पुढ्यात मेणबत्तीखाली निळ्या फुलाची एक आख्खी लादी. आल्तारासमोरची. धुतलेली नव्हती, तशीच काजळलेली. आणि तिच्यावर खडूची फुली.

मी उभी राहिले. ज्युली म्हणाली, "रोज तिच्यावरच मेणबत्ती लावायची. आम्हाला हात लावू देत नव्हती. पुसू पण देत नव्हती."

शनिवारी संध्याकाळी नायगावहून आल्यावर देऊळ बंद करायला तू गेली असणार. गोणीतले तुकडे बघितले असणार. भिंतीच्या कोपऱ्यात आमच्या नजरेतून सुटलेली ही एक राहिली असणार, ती तू पदराखाली घेऊन आलीस. म्हणजे रविवारी अंगणात उभी राहिलीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. माझ्या डब्यात लादी शोधत होतीस तेव्हा लादी तुझ्या घरी होती!

मी ती फळीवरून काढली. मेणाचे थेंब कडेला होते, मधली खूण तशीच. मी हातात धरून तिरपी केली, जशी जमिनीत असते तशी, कोपरा वर. आणि फुली राहिली नाही. उभी रेघ, आडवी रेघ. क्रूस.

तू आल्ताराकडे तोंड करून उभी राहिली असणार, वाकली असणार, आणि जी लादी जपायची तिच्यावर क्रूस काढला असणार. मॅडमनी गोल सांगितला होता. पण देवाच्या लादीला तुला गोल कमी वाटला. आम्ही लाद्या उखडून कडेवर उभ्या केल्या, चौकोन सरळ झाला आणि तुझा क्रूस तिरका झाला. माझ्या डोळ्यांना फुली दिसली. तुझ्या हातानं फुली कधी काढलीच नव्हती. फुली न्हवती ती, असं तू ओरडलीस ते खरं होतं. फुली होती, असं मी म्हणत होते तेही खरं होतं.

गोल मात्र खोटा होता, फिलू.

का बोललीस ते मी समजू शकते. क्रूस काढला म्हणाली असतीस तर मॅडमचं ऐकलं नाहीस हे आलं असतं. तुझ्या क्रूसामुळे आल्तारासमोरच्या लाद्या फुटल्या, असं गाव म्हणालं असतं. कमरेची चावी गेली असती. नवरा गेल्यावर तुला त्या चावीनं माणसांत ठेवलं होतं. माझ्याकडे काय होतं जाण्यासारखं? बाहेरची बाई. आज इथे, उद्या दुसऱ्या बिल्डिंगवर. असा हिशेब तू केलास का? की तेव्हा घाबरून तोंडातून गेलं आणि मग परत घेता येईना? मला ते कळणार नाही. बोंबील कशासाठी होते तेही कळणार नाही. आणि लादी फळीवर सरळ का ठेवली होतीस? फळी अरुंद आहे, तिरपी मावत नाही, म्हणून? की रोज मेणबत्ती लावताना मला दिसली होती तीच फुली तुला बघायची होती? ज्युलीला विचारलं. ती म्हणाली, "काय माहीत, आंटी, तशीच असायची."

एक नक्की. आत बसव, असं तू सांगून ठेवलं होतंस. तुझ्या तोंडानं बोलायचं ते तू माझ्या डोळ्यांवर टाकलंस. मेल्यावर पण मलाच कामाला लावलंस.

"घेऊन जाऊ का?" मी विचारलं. ज्युली म्हणाली, "न्या. मम्मी ती तुमच्यासाठीच ठेवल्यासारखी करायची." हे ती आधी बोलली नव्हती. बघ, तुझी सून पण तुझ्यासारखीच, अर्धं अर्धं बोलते.

लादी जेवणाच्या पिशवीत घातली, डब्याशेजारी, आणि तुमच्या गावातून देवळाकडे चालत गेले. तू जे माझ्या डब्यात शोधत होतीस ते शेवटी माझ्या पिशवीत आलं. कोणी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर बरं झालं असतं, रस्त्यातच दाखवली असती.

फादरना टेबलावर सरळ ठेवून विचारलं, "हे काय आहे?" ते म्हणाले, "फुली." मी लादी तिरपी केली. "आता?" त्यांनी स्वतः ती पुन्हा सरळ केली, पुन्हा तिरपी केली. मग म्हणाले, "वैजयंताबाई, ती गेली. आता हे गावाला सांगायचं का?"

मी म्हटलं, "तुम्ही नका सांगू. मला लिहायला सांगितलंय ना, मी लिहिते. माझ्या बायकांना अजून तुमच्या बाजूला कोणी कामाला घेत नाही. त्या जिवंत आहेत."

लोक म्हणतील, मेलेल्या बाईचं नाव घालवलं. म्हणू देत. तू क्रूस काढलास, लाद्या वाचवायला काढलास, ह्यात नाव जाण्यासारखं काही नाही. एक शब्द खोटा बोललीस आणि तो फळीवर ठेवून रोज त्याच्यापुढे मेणबत्ती लावलीस. मी तेवढं केलं नसतं. माझ्यावर आलं असतं तर मी पण कदाचित बोट दाखवलं असतं, फक्त बोंबील दिले नसते.

आल्ताराच्या पायरीजवळ पट्ट्याच्या कडेला एक जागा सिमेंटनं बुजवली होती. मॅडमना फोनवर विचारलं, त्या हो म्हणाल्या. मिस्त्री उद्या ती लादी तिथे बसवणार आहे. तिरपी बसवायची, मी उभी राहून बघणार आहे. पहिल्या पोछ्यात खडू जाईल, माहीत आहे. पोछा मारायला आता तू नाहीस, कोण मारेल ते बघते.

त्या शनिवारी जे फुटलं त्यातून एक लादी वाचली. तू गेलीस. मी आहे.